आपल्या वाट्याचे तेवढेच

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत दोन वाक्ये रोज ऐकू येतात. सकाळच्या गडबडीत कुणीतरी म्हणते, "मी लक्ष घातलं नाही, तर या घरात एक काम धड होणार नाही." संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना त्याच व्यक्तीच्या तोंडून येते, "आपल्या हातात काय आहे? करणारा तोच." दोन्ही वाक्ये मनापासून उच्चारलेली असतात, म्हणून त्यांतले एक खरे आणि दुसरे खोटे ठरवून मोकळे होता येत नाही. सगळे माझ्यामुळे चालते आणि माझ्यामुळे काहीच चालत नाही, या दोन टोकांच्या मध्ये आपला सारा दिवस असतो, आणि त्या दिवसभरात कोणते काम शेवटपर्यंत आपणच करायचे आणि नेमक्या कोणत्या ठिकाणी हात जोडायचे, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते. गेली काही वर्षे मी या प्रश्नाचा विचार करते आहे, आणि तो पोथीपेक्षा स्वयंपाकघरातच अधिक वेळा समोर येतो, असा माझा अनुभव आहे.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे. हिंगाच्या डबीशेजारी फळीवर त्यांची एक लांबट वही असते. तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, रक्तदाब, इन्सुलिनचे युनिट आणि सगळ्यांत शेवटी शेरा, असे तिचे रकाने मीच आखलेले आहेत. शेऱ्यात "रात्रभर गुडघा दुखला", "सर्दी", "शेजारून आलेले श्रीखंड, दोन चमचे" अशा नोंदी असतात. सकाळचा आकडा १२०च्या आसपास आला की माझा दिवस चांगला सुरू होतो. आपण जेवणाचे आणि औषधाचे गणित बरोबर मांडले होते, असा एक संतोष मनात येतो. आकडा १९० आला की मी आदल्या रात्रीच्या ताटाचा घास अन् घास आठवू लागते, आणि काहीही सापडले नाही तर ते न सापडणेच अधिक बोचते.

वास्तविक यात न सापडण्यासारखे काही नाही. पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते तेव्हा कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरके वाढतात, त्यांच्या प्रभावाने यकृत आपल्याजवळची साखर रक्तात सोडते, आणि निरोगी माणसात तिला आवर घालणारे इन्सुलिन मधुमेहाच्या रुग्णात पुरेसे पडत नाही. त्यामुळे रात्री एक घासही जास्त न खाता सकाळचा आकडा चढलेला दिसू शकतो. साधी सर्दी, अपुरी झोप, दुखणे, मनावरचा ताण, यांतले काहीही तो आकडा हलवू शकते. म्हणजे माझ्या वहीतल्या ज्या आकड्याला मी माझ्या दक्षतेचे गुणपत्रक समजत होते, त्यात माझ्या दक्षतेचा भाग आहे, पण तो एक भाग आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक मला या वहीमुळे कळला, असे म्हटले तर ते खरे ठरेल. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याला पाच कारणे असतात, असे भगवंत तिथे सांगतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, अनेक प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. आईंच्या बाबतीत अधिष्ठान म्हणजे त्यांचा थकलेला देह. कर्ता म्हणजे वही धरून बसलेली मी. साधने म्हणजे ग्लुकोमीटर, सुई आणि गोळ्या. हालचाली म्हणजे सकाळ-संध्याकाळची सारी धावपळ. आणि या चारांनंतर जे उरते आणि कुणाच्याच रकान्यात बसत नाही, ते दैव. मला या श्लोकात सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली मोजदाद. "सगळे मीच करते" म्हणणारी व्यक्ती पाचांपैकी चार कारणे विसरते आणि "सगळे दैवच करते" म्हणणारी व्यक्तीही पाचांपैकी चारच विसरते. पुढे सोळाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की, असे असतानाही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. त्याची बुद्धी कच्ची आहे, तो दुर्मती आहे, असे तिथे म्हटले आहे, पण त्याला पापी म्हटलेले नाही; मुख्य बोट न दिसण्यावर आहे, आणि मला ते फार दिलासा देणारे वाटते.

एका संध्याकाळी आईंना अचानक दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे अडखळू लागले. साखर मोजली तर ५८. साखर ७०च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साधारण १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जाऊ द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हा नियम डॉक्टरांनी आम्हाला पाठच करून घ्यायला लावला आहे. मी तीन लहान चमचे साखर पाण्यात ढवळली आणि पेला त्यांच्या हाती दिला. त्या ओठांनी "दिगंबरा दिगंबरा" म्हणत होत्या आणि दोन्ही हातांनी पेला घट्ट धरून घोट घेत होत्या. नामासाठी घोट थांबत नव्हता आणि घोटासाठी नाम. पंधरा मिनिटांनी आकडा ८४ झाला, मग त्यांनी पोळीचा तुकडा खाल्ला, आणि थोड्या वेळाने माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "महाराजांनी तुझ्या हातून पाणी पाजलं." त्या वाक्यात महाराजही होते आणि माझा हातही होता. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत ज्यावर शतकानुशतके वाद झाले, ते त्यांनी एका वाक्यात इतक्या सहज ठेवले की मला त्यावर काही बोलावेसे वाटले नाही.

वाद खरोखरच झाले आहेत. दक्षिणेतल्या रामानुज संप्रदायात शरणागतीच्या प्रश्नावरून दोन मते रूढ झाली. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगून राहते, त्याप्रमाणे भक्तानेही आपल्याकडून धरून राहिले पाहिजे, असे एका शाखेचे म्हणणे. मांजरी पिल्लाला स्वतःच तोंडात धरून नेते, पिल्लाने काहीच करायचे नसते, तसा देव भक्ताला नेतो, असे दुसरीचे. मला दोन्हींचा आदर आहे; परंतु संसारी माणसाला एकाच दिवसात कधी पहिले तर कधी दुसरे पिल्लू व्हावे लागते, आणि कोणत्या घटकेला कोणते, हे ओळखणे हीच त्याची साधना आहे, असे मला वाटते. साखर ५८ असताना मांजरीचे पिल्लू होणे ही भक्ती नव्हे. ती कर्तव्यच्युती आहे, आणि तिला देवाचे नाव देणे हा देवावर अन्याय आहे.

हे मी जरा जोर देऊन लिहिते आहे, कारण आपल्याकडे समर्पणाचे नाव पुढे करून टाळलेली कामे पुष्कळ दिसतात. तपासणी करायची असते, ती केली जात नाही, मुलाशी बोलायचे असते, ते बोलले जात नाही, जमिनीच्या कागदांचा तंटा मिटवायचा असतो, तो तसाच राहतो, आणि या सर्वांवर तुकोबांची ओवाळणी होते, "ठेविले अनंते तैसेचि रहावे, चित्ती असो द्यावे समाधान." ज्यांच्या नावावर आपण ही स्वस्थता खपवतो, त्या तुकोबांचे आयुष्य तर स्वस्थ बसणाऱ्याचे मुळीच नव्हते. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. आणि मग त्यांनी काय केले, तर परंपरा असे सांगते की वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. या कथेतला जो तपशील आपण बहुधा घाईने ओलांडतो, तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्यांनी त्याला वेगळा काढून दिला आणि केवळ आपल्या वाट्याची खते नदीला अर्पण केली. इतका मोठा विरक्त पुरुष, वैराग्याच्या ऐन भरातही, भावाच्या हक्कावर आपल्या समर्पणाचे पाणी सोडत नाही. जे आपले आहे तेच देवाला देता येते. दुसऱ्याचे देणे तर नाहीच, दुसऱ्याचे धरून ठेवणेही नाही.

आपल्या शहराला हे शिकवण्यासाठी देहूपर्यंत जाण्याचीही गरज नाही. राजवाड्यासमोरून जाताना ज्यांच्या पुतळ्यापुढे आपले हात आपोआप जुळतात, त्या अहिल्याबाईंनी राज्य शिवाला अर्पण केले होते, हे इथले शाळकरी मूलही सांगेल. त्यांच्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी "श्री शंकर" असे असे, आणि होळकरांच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचे पान असे. पण ज्या बाईने राज्य देवाच्या पायाशी ठेवले, तिने राज्यकारभारातून हात काढून घेतला होता का? १७६७ साली मुलगा मालेराव गेल्यानंतर रघुनाथराव पेशवे फौज घेऊन माळव्यावर चालून आले, तेव्हा अहिल्याबाईंनी "शंकराचे राज्य आहे, शंकर पाहून घेईल" असे म्हटले नाही. त्यांनी आपल्या फौजेची तयारी केली, मराठा सरदारांकडे निरोप धाडले, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली, आणि माधवरावांनी त्यांचा अधिकार मान्य केला. शंकराचे राज्य राखण्याचे काम शंकराने त्यांच्यावर सोपवले होते, असाच त्यांचा भाव असला पाहिजे.

त्यांच्या दिवसाचा आराखडा आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे, कारण १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कम यांनी, अहिल्याबाईंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात असतानाच चौकशी करून तो नोंदवून ठेवला. सूर्योदयाच्या तासभर आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. नंतर पुन्हा पूजा आणि अल्पसा आहार. आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा कारभार. मी या वेळापत्रकाकडे अनेकदा पाहते. पूजेने दरबार गिळलेला नाही आणि दरबाराने पूजा गिळलेली नाही. रात्री नऊला जो कारभार पुन्हा हाती घेतला जातो, तो अकराला ठेवलाही जातो, ही गोष्ट मला विशेष वाटते. राज्य चालवणाऱ्या बाईला अकरानंतर काळजी करण्याजोगे काही उरत नसेल, असे कोण म्हणेल? आपण वापरत असलेल्या प्रत्येक अधिकाराचा जाब ईश्वरापुढे द्यायचा आहे, ही त्यांची धारणा होती, असेही माल्कम नोंदवतात. ज्याला जाब द्यायचा आहे तो कामात कसूर करू शकत नाही, आणि मालक आपण नसल्यामुळे मालकीची धास्तीही त्याला बाळगावी लागत नाही.

मात्र अहिल्याबाईंच्या समर्पणाची गोष्ट इथेच थांबवली तर ती फार गुळगुळीत होईल. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेचा गोळा लागून गेले, १७६६ साली पित्याच्या ठिकाणी असलेले सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा गेला, नातू ऐन उमेदीत गेला आणि १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले. त्या वेळी मुलगी मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. खुद्द अहिल्याबाईंना सती जाण्यापासून मल्हाररावांनी परावृत्त केले होते, आणि आता त्या आपल्या मुलीची विनवणी करत होत्या. राज्याची धनीण पोटच्या पोरीच्या पाया पडत होती. मुक्ताबाईने ऐकले नाही. ज्या नर्मदेचे पाणी आज जलूदहून विंध्याचा चढ चढून आमच्या नळांना एक दिवसाआड येते, त्याच नर्मदेच्या काठी, महेश्वरला, आईच्या डोळ्यांदेखत ते घडले. अहिल्याबाई त्या वेळी शांत नव्हत्या. त्यांना धरून ठेवावे लागले, त्यांचा आक्रोश आवरत नव्हता, आणि नंतर तीन दिवस त्यांनी धड अन्न घेतले नाही की शब्द उच्चारला नाही, असे माल्कम लिहितात.

मी हा प्रसंग वाचते तेव्हा मला दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. एक म्हणजे, इतक्या मोठ्या भक्ताच्या समर्पणातही आक्रोशाला जागा होती. शरण गेलेल्या माणसाने रडू नये, त्याच्या चेहऱ्यावर सदैव स्मित असावे, अशी जी अपेक्षा आपण एकमेकांकडून करतो, विशेषतः घरातल्या बायकांकडून, तिला काही आधार नाही. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. जे घडले ते ईश्वराच्या राज्यात घडले, म्हणून ते योग्य होते असे होत नाही. सतीची चाल क्रूर होती. त्या चालीपुढे एक आई हरली, आणि पुढे १८२९ साली बंगाल प्रांतात कायद्याने तिच्यावर बंदी आली ती माणसांनी झटून आणली म्हणून. घडून गेलेले सोसण्यासाठी देवाचा आधार घेणे निराळे आणि घडून गेलेल्याला देवाची इच्छा म्हणून पवित्र ठरवणे निराळे. पहिल्यात भक्ती आहे. दुसऱ्याने समाजाचे अतोनात नुकसान केले आहे. तीन दिवसांनंतर अहिल्याबाईंनी मुलगी आणि जावई यांच्या स्मारकाचे काम हाती घेतले आणि कारभारही, आणि १७९५ साली देह ठेवीपर्यंत त्या काम करत राहिल्या.

नियंत्रणाची सर्वांत चिवट इच्छा ही माणसांविषयीची असते, हे या प्रसंगानंतर वेगळे सांगायला नको. पैसा, घर, स्वतःची प्रकृती, यांवरचा हक्क सोडणे तुलनेने सोपे आहे. आपल्या माणसांवरचा सुटत नाही, कारण तो हक्क प्रेमाच्या वेशात येतो. माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो. सणाला आला की परतताना रात्रीच्या बसने जातो, आणि निघण्यापूर्वी माझ्या फोनवर लाइव्ह लोकेशन सुरू करून देतो. तो निळा ठिपका मानपूरचा घाट उतरतो, सेंधव्याला थांबतो, पुढे बिजासनच्या घाटात तर अर्धा अर्धा तास हलत नाही, आणि इथे माझी झोप त्या ठिपक्याबरोबर घाटात अडकून पडते. अशाच एका रात्री आई पाणी प्यायला उठल्या, मला फोन हाती धरून बसलेली पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, तू जागी राहिलीस म्हणून तो ड्रायव्हर जागा राहणार आहे का? घाटात बिजासनदेवी बसली आहे, तिला तिचं काम करू दे." मी फोन बाजूला ठेवला. झोप लगेच आली असे नाही, परंतु जागे राहण्यात काही पुरुषार्थ आहे असे वाटणे थांबले.

त्या वेळेपासून गीतेतला आणखी एक श्लोक मला वेगळ्या प्रकारे दिसू लागला. "सर्वधर्मान् परित्यज्य मामेकं शरणं व्रज" हे शरणागतीचे परम वचन अठराव्या अध्यायाच्या सहासष्टाव्या श्लोकात येते, आणि ते आपल्या सर्वांच्या ओठी असते. पण त्याच्या तीनच श्लोक आधी, त्रेसष्टाव्यात, भगवंत अर्जुनाला म्हणतात की, मी तुला हे ज्ञान सांगितले, आता याचा पूर्ण विचार कर आणि तुला जसे वाटेल तसे कर: "यथेच्छसि तथा कुरु." शरण ये असे सांगण्यापूर्वी स्वतः भगवंताने अर्जुनावरचा हात मोकळा केला आहे. सारथी असून, गुरू असून, ईश्वर असून त्याने आपल्या शिष्याची इच्छा ताब्यात घेतली नाही. मग मुलाने कोणती नोकरी करावी, सुनेने कोणते व्रत ठेवावे, मुलीने कोणत्या घरात जावे, हे "देवाची इच्छा" म्हणून ठरवून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला? घराघरांत वडीलधारी माणसे देवाचे नाव घेऊन जो हुकूम सोडतात, त्यात देवाला शरण जाणे फार थोडे असते आणि इतरांना आपल्याला शरण आणणे फार जास्त. हे वाक्य मी कटुतेने लिहीत नाही. मला वाटते की, ज्याला खरोखर शरण जायचे आहे त्याने पहिल्यांदा घरातल्यांना मोकळे केले पाहिजे, कारण तिथेच त्याच्या श्रद्धेची परीक्षा होते.

इथे कुणी मला नवसांविषयी विचारील. खजराण्याच्या गणपतीला आमचे अर्धे इंदूर नवस बोलते; देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढायचा आणि काम झाले की येऊन सुलटा काढायचा, अशी तिथली रीत आहे. परीक्षेचे निकाल, नोकऱ्या, लग्ने, मुलेबाळे, कोर्टातले खटले, सारे त्या भिंतीवर येऊन जाते. यात देवालाही आपल्या नियोजनात बसवण्याची इच्छा आहे, हे उघड आहे, आणि तरीही मला त्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसांना हिणवावेसे वाटत नाही. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी अशा चार प्रकारच्या भक्तांची नावे घेऊन गीता या सर्वांनाच उदार म्हणते. संकटात सापडलेला आणि काही मागायला आलेला, हे दोघेही त्या गणनेत आहेत. मागायला आलेला माणूस निदान इतके मान्य करून आलेला असतो की हे एकट्याने होणारे नाही. ते मान्य करणे ही सुरुवात आहे. प्रश्न पुढचा आहे: स्वस्तिक सुलटा करण्याची वेळ आलीच नाही, तर त्या देवळात आपण पुन्हा जातो का?

आमच्या घरी संध्याकाळी करुणात्रिपदी म्हटली जाते. इंदुरात वास्तव्य केलेल्या नानामहाराज तराणेकरांमुळे इथल्या कितीतरी मराठी घरांत हा परिपाठ रुजला आहे. टेंबेस्वामींची ही पदे दत्ताला आळवणारी आहेत, आणि त्यांच्या आरंभीच दत्ताने शांत व्हावे आणि माझे चित्त आता शमवावे, असे मागणे आहे. दिवसभर मी ज्या ज्या गोष्टी बदलाव्यात म्हणून धडपडते, त्यांतली एकही त्या ओळीत नाही. परिस्थिती आहे तशी ठेवून तिच्याकडे पाहणारे चित्त शमव, असे ते मागणे आहे, आणि चित्त ही तर खरोखर माझ्या वाट्याची गोष्ट आहे. रोजच ते शमते असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा पद म्हणता म्हणता उद्याच्या डब्याचा, गॅसच्या नंबराचा आणि आईंच्या गोळ्यांचा हिशेब आत चालू असतो, आणि कडवे संपल्यावर लक्षात येते की ओठ म्हणत होते आणि मन बाजारात होते. पण शरण जाणे हा एकदाच घेऊन टाकायचा निर्णय आहे अशी माझी पूर्वी जी समजूत होती, ती आता राहिलेली नाही. सकाळी वही उघडताना कर्तेपण घ्यावे लागते आणि संध्याकाळी ते परत द्यावे लागते, रोज, आणि ज्या दिवशी नीट घेतलेले नसते त्या दिवशी नीट देताही येत नाही, असे मी अनुभवाने म्हणू शकते. कामात चालढकल केलेल्या दिवशी त्रिपदीही धड होत नाही.

पुढच्या महिन्यात आईंच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टरांनी त्याआधी साखर आटोक्यात आणायला सांगितले आहे, त्यामुळे वहीतल्या नोंदी सध्या अधिक काटेकोर झाल्या आहेत. थेंबांच्या वेळा, सोबत न्यायचे कागद, त्या दिवशी सकाळी इन्सुलिन किती आणि केव्हा द्यायचे, हे सारे मी डॉक्टरांना विचारून लिहून ठेवले आहे. आईंनी माझी यादी चष्मा लावून नीट वाचली, तिच्यात आपल्या जपमाळेची भर घालायला लावली, आणि मग मला बजावले की एकदा त्यांना आत नेले की बाहेर बसून फोनवर मोतीबिंदूविषयी काहीही वाचायचे नाही, विष्णुसहस्रनाम म्हणायचे. मी हो म्हटले आहे.